रामटेके काका आणि संध्याकाळची शिफ्ट

सूर्य मावळला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक माणूस खूश होतो.

मावळताना नव्हे, मावळल्यावर. मावळताना सगळेच खूश होतात, फोटो काढतात, गटावर टाकतात, ते मला समजतं. रामटेके काकांचं तसं नाही. ते निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसतात. वारज्याच्या बाजूला सूर्य खाली खाली जातो, शेवटची कड दिसेनाशी होते आणि काका मांडीवर थाप मारून म्हणतात, "गेला एकदाचा!"

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टाकीचं झाकण बघायला वर गेले होते. मी सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे नळाला पाणी नाही हे सगळ्यांना कळवायचं, आणि ते माझ्यामुळे नाही हेही कळवायचं. काका संध्याकाळची काही उपासना करत असतील असं समजून मी चपला न वाजवता उभी राहिले. पण "गेला एकदाचा" हे काही उपासनेतलं वाक्य वाटेना.

"कोण गेलं, काका?"

"साहेब गेले." त्यांनी मावळतीकडे हनुवटी उडवली. "दिवसभर मिरवले. आता घरोघरी दिवे लागले, पंखे लागले, मिक्सर सुरू झाले, तर हे चालले घरी. सांगा मॅडम, आता कोण उभा राहून राहिला तुमच्यासाठी?"

"कोण?"

"कोळसा!"

हा शब्द ते अशा थाटात उच्चारतात की जणू घरातल्या कर्तबगार थोरल्या मुलाचं नाव घेत असावेत. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात, म्हणजे कोळसा जाळून वीज तयार करतात तिथे, ते कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इंचार्ज होते. सगळी नोकरी तिथेच झाली. निवृत्तीनंतर वर्षभरात काकू गेल्या, आणि मुलगी इथे इंजिनिअरिंगला असताना घेऊन ठेवलेल्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये काका एकटेच राहायला आले. मुलगी, प्रज्ञा, खराडीला नोकरी करते आणि तिकडेच राहते. कर्वेनगर ते खराडी हे अंतर पुण्यात परगावात मोडतं. त्यामुळे ती रविवारी येते आणि बाकीचे दिवस फोनवर भागवते.

आमच्या सोसायटीत दुसऱ्याचं मराठी सुधारण्याची संधी कुणी सोडत नाही. काकांपुढे मात्र सगळ्यांनी हात टेकले. आम्ही "काय करताय" म्हणतो, ते "काय करून राहिले जी" म्हणतात, आणि आता माझा धाकटासुद्धा तसंच म्हणायला लागलाय.

जिन्यात भेटले तर काका नमस्कार करत नाहीत. आधी मोबाईल बघतात आणि मग म्हणतात, "पन्नासला आहे." मला आधी वाटलं शुगर. पन्नास शुगर असलेला माणूस जिना कसा चढतोय म्हणून मी घाबरले. मग कळलं की ही विजेची फ्रिक्वेन्सी. अख्ख्या देशाची वीज एकाच तालावर चालते, आणि तो ताल पन्नासचा. लोकांनी जास्त वीज ओढली की तो उतरतो, कमी ओढली की चढतो. नोकरीभर काका त्याच आकड्यावर डोळा ठेवून बसले होते, आता तो त्यांनी मोबाईलवर आणून ठेवलाय. आकडा जरा घसरला की लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला विचारतात, "गिझर चालू ठेवून आले का जी?" हसू नका. मी एकदा खरंच परत जाऊन बघून आले.

त्यांच्या कंट्रोल रूममध्ये एक रिवाज होता. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय आधीच्याने खुर्ची सोडायची नाही. तो आला की याने उठायचं, शर्टाचं वरचं बटण लावायचं आणि म्हणायचं, "दिला." म्हणजे चार्ज दिला. त्याने म्हणायचं, "घेतला." एवढं झालं की मगच घरी. काकांनी हा रिवाज आमच्या वॉचमनना लावून दिला. आता रोज गेटवर एक उत्तरेकडचा माणूस दुसऱ्या उत्तरेकडच्या माणसाला ताठ उभा राहून "दिला" म्हणतो, आणि तो डबा खाली ठेवून "घेतला" म्हणतो. चेअरमन म्हणाले, हा काय पोरखेळ. पण तेव्हापासून गेट रिकामं राहिलेलं मी पाहिलेलं नाही.

काकांच्या हॉलमध्ये शोकेस आहे. त्यात बुद्धाची मूर्ती, शेजारी काकूंचा फोटो, आणि त्याच्या शेजारी काचेच्या वाटीत ठेवलेला कोळशाचा एक खडा. पाहुणा आला की चहाच्या आधी तो खडा हातात मिळतो.

"पाहा वजन. ऊनच आहे हे. लाखो-करोडो वर्षांमागचं. झाडांनी खाल्लं, जमिनीनं दाबलं. तुमचं ते सोलर पॅनलवालं ताजं ऊन, आमचं मुरलेलं. लोणचं ताजं चांगलं का मुरलेलं?"

हात काळे झालेल्या पाहुण्याला मग चहाचा कप धरायची पंचाईत होते. काका स्वतः रुमाल आणून देतात.

सोसायटीच्या छतावर सोलर बसवायचा ठराव आला, तेव्हा सभेत व्हायचं तेच झालं. कुणीतरी कोळशाच्या धुराबद्दल बोललं, आणि चेअरमननी वर तोंडी लावायला म्हण टाकली, "कोळसा उगाळावा तितका काळाच." मागच्या रांगेतून काका उठले.

"उगाळायला सांगितलं कोणी? उगाळायचं ते चंदन. कोळसा जाळायचा असते जी! या म्हणीवाल्याच्या घरी चूलच पेटली नसंन कधी."

लोक हसले, पण काका बसले नाहीत.

"माझा बाप खाणीत होता. टोपल्या भरून डोक्यावर वाहायचा. गावात वीज नव्हती, आमच्या घरी रॉकेलची चिमणी. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात दोनच गोष्टी बोलल्या जायच्या. एक म्हणजे शीक, आणि दुसरी म्हणजे शीक. बापानं कोळसा डोक्यावर वाहिला, मी तोच खुर्चीत बसून जाळला. एका पिढीत डोक्यावरून खुर्चीवर! तुमच्या कोणत्या सूर्यानं केलं हे? राख उडते, मला माहीत आहे. माझी बायको रोज चादरी झटकायची. पोरगी माझ्या स्कूटरच्या सीटवर साचलेल्या राखेत बोटानं लिहायची, 'बाबा, लवकर या.' आणि तीच तर वेळ असायची ना पीक लोडची, सगळ्या गावाला दिवे लागायची. मी कसा येऊ लवकर?"

ठराव तरीही मंजूर झाला. काकांनी एकट्याने विरोधात हात वर केला, आणि तो सगळ्यांना दिसेपर्यंत खाली घेतला नाही.

पॅनल बसले. पुढच्याच आठवड्यात मी वर गेले तर काका ओलं फडकं घेऊन ते पुसत होते. मी काहीतरी खवचट बोलणार हे त्यांनी ओळखलं.

"दुसऱ्या पार्टीचं असलं तरी वीज करणारं युनिट आहे ते," ते म्हणाले. "धूळ बसू देता होय?"

मुलगी काय करते असं विचारलं की काका नेहमी "कंपनीत आहे" एवढंच सांगायचे. एका रविवारी मेंटेनन्सची नोटीस घेऊन मी त्यांच्याकडे गेले. प्रज्ञा आलेली होती, काका चहा टाकत होते. मी तिलाच सरळ विचारलं.

"बॅटरीवर काम करते, काकू. मोठ्या बॅटऱ्या. दिवसभराची सोलरची वीज साठवायची आणि सूर्य मावळला की ग्रिडला द्यायची."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. काका दुधाच्या पातेल्यात फार लक्ष घालून उभे होते. म्हणजे ज्या संध्याकाळसाठी हा माणूस रोज गच्चीवर जाऊन सूर्याला हिणवतो, त्या संध्याकाळवरच त्याच्या घरातून घाला पडला होता.

"आता दुपारी सोलर इतकी येते की कोळशाच्या युनिटला सांगतात, खाली बस," प्रज्ञा सांगत होती. "संध्याकाळी सांगतात, पळ."

"हत्तीला उठाबशा काढायला लावून राहिले!" काका आतून ओरडले.

"म्हणूनच म्हणते ना बाबा, त्याला आता हळूहळू बसू द्या."

"आणि तुमची डब्यातली वीज जेवणाच्या वेळीच संपली तर? मग कोण?"

"एकदम कुठे बसवतोय आम्ही? कोळसा अजून बरीच वर्षं लागणार आहे, मला काय माहीत नाही? पण कुणीतरी सुरुवात करायला हवी. आणि ऊन तर मीही मुरवतेच की. फक्त सकाळचं संध्याकाळपर्यंत."

काका चहा घेऊन बाहेर आले. "मुरायला वेळ लागते. मी एवढंच म्हणतो, रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही."

"मग मी कोण आहे, बाबा?"

काकांनी ट्रे खाली ठेवला. मग "साखर राहिली वाटते" म्हणून आत गेले. साखर ट्रेमध्येच होती.

निघताना प्रज्ञाने सांगितलं, शुक्रवारी तिच्या हाताखाली उभी राहिलेली पहिली बॅटरी शहराबाहेरच्या सबस्टेशनवर सुरू होणार. घरच्यांना बोलावलंय. "याल का, बाबा?"

"संध्याकाळी मला काम असते," काका म्हणाले.

तिने मान हलवली आणि गेली. मला राग आला, आणि मी तो पोटात ठेवणाऱ्यांतली नाही. "काम कसलं हो? सूर्याला शिव्या घालायच्या, हेच ना? पोरीने लहानपणी राखेत लिहून वाट बघितली, आता तोंडाने बोलावतेय तरी नाही?" काका म्हणाले, "नोटीस ठेवून जा, मॅडम."

शुक्रवारी मी मुद्दाम गच्चीवर गेले. काका गेलेले असावेत, खुर्ची जागेवर नसावी, असं मनापासून वाटत होतं. पण खुर्ची होती आणि काकाही होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. आणि खुर्ची उलटी फिरवलेली. सूर्याकडे पाठ करून ते मांडीवरच्या मोबाईलकडे बघत होते.

"गेला नाहीत?"

"तयार झालो होतो," ते म्हणाले. "बूट घातले, रिक्षासाठी फोन हातात घेतला. मग वाटलं, तिथे सगळे साहेब लोक असतील. फीत कापायची, फोटो काढायचे. चालू करणारा माणूस आपल्या आकड्याकडे पाहत असते, मॅडम. त्याच्याजवळ तेव्हा बाप नको. बाप इकडून आकडा पाहीन."

"पण त्या एका बॅटरीने आकडा हलेल?"

"छे! समुद्रात तांब्याभर पाणी." त्यांनी मोबाईल मांडीवर नीट टेकवला. "पण माझ्या बापाची टोपली तरी केवढी होती?"

आमच्या मागे सूर्य गेला. त्या दिवशी त्याला कुणी काही बोललं नाही. वारज्याकडच्या इमारतींत एकेक खिडकी उजळायला लागली, खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. काकांचा आकडा थोडा खाली आला, पुन्हा वर आला, पन्नासच्या आसपास रेंगाळला. देशातल्या कोळशाच्या सगळ्या भट्ट्या त्या वेळी नेहमीसारख्याच धडधडत असणार, हे मलाही कळत होतं. तरी मीसुद्धा त्या आकड्यावरून नजर काढली नाही.

फोन वाजला. काकांना घाईत बटण सापडेना, मीच स्पीकर लावून दिला. पलीकडे गलका होता, टाळ्या होत्या, वारा होता.

"बाबा, बॅटरी चालू झाली. लोड घेतला तिने."

काका खुर्चीतून उठले. मोबाईल डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावायला लागले. बटण काजात जाईना. मी मदतीला पुढे झाले नाही. ते लागलं, तेव्हा ते ताठ उभे राहिले.

"दिला," काका म्हणाले.

पलीकडचा गलका मागे पडला, ती बाजूला गेली असावी.

"घेतला, बाबा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. असा अभिमानाने भरलेला चेहरा मी माझ्या मुलांच्या निकालाच्या दिवशी आरशातसुद्धा पाहिलेला नाही.

"इथलं आवरते आणि तिकडेच येते," प्रज्ञा म्हणाली. "आज खराडीला जात नाही. जेवायला थांबा."

काकांनी फोन तोंडाच्या अगदी जवळ नेला. इतका जवळ की मला ऐकू येऊ नये असं त्यांना वाटत असावं. पण स्पीकर चालूच होता.

"लवकर ये," ते म्हणाले.