त्र्याहत्तर नंबरची निरंक कामगिरी

आमच्या कीर्तिदालनात जागा नाही, अशी लोकांची तक्रार असते. ती चुकीची आहे. जागा भरपूर आहे. तिथे कोणाला घ्यायचे नाही हे ठरवण्याचे काम निवड समिती करते, आणि त्या समितीचा मी बरीच वर्षे चिटणीस आहे. ओहायोतल्या आमच्या बेकर्स मिल गावात पूर्वी पोलादाचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर गावाकडे व्यावसायिक फुटबॉलचे कीर्तिदालन तेवढे उरले. खेळाडूची निवड झाली की त्याला गडद लाल कोट मिळतो आणि त्याचे ब्राँझचे डोके दालनात कायमचे बसते. आमचा फुटबॉल हाताने खेळतात. त्यावर बाकीचे जग काय म्हणते ते आम्ही ऐकून आहोत.

निवडीचे तत्त्व साधे आहे. आत असलेल्यांची किंमत बाहेर राहिलेल्यांवरून ठरते. म्हणून बाहेर चांगली माणसे राहतील याची आम्ही काळजी घेतो. "सगळ्यांना आत घेतलं तर आपल्यात आणि बसस्टँडमध्ये फरक काय?" असे आमचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश हॅलिडेसाहेब, प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला विचारतात. बैठकीला डोनट असतात. ते संपेपर्यंत निकाल लागावा असा संकेत आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्यापुढे एमिल सोबचाक यांचे प्रकरण आले. नियमाप्रमाणे उमेदवाराचे पूर्ण नाव एकदा नोंदवले की पुरते, आणि ते मी नोंदवले आहे. यापुढे सगळे म्हणतात तसे त्यांना त्र्याहत्तर नंबर म्हणू. त्यांच्या पाठीवर तो आकडा असे, आणि प्रेक्षकांना त्यांची पाठच दिसे.

त्र्याहत्तर नंबर बारा हंगाम डेल रॅन्समच्या संघात खेळले. डेल रॅन्सम कोण हे सांगायला नकोच. ज्याचे डोके दालनाच्या मधोमध आहे, ज्याच्या पुढ्यात शाळांच्या सहली फोटो काढतात, ज्याच्या नावाचे सँडविच आमच्या चौकात मिळते, तो डेल रॅन्सम. तो चेंडू फेकायचा. नेम धरून फेकायला त्याला दोन-तीन सेकंद लागत, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोची माणसे त्याला आडवे करायला धावून येत. त्यांना अडवायचे, एवढेच त्र्याहत्तर नंबरचे काम.

अडचण आकड्यांची होती. चेंडू फेकला किती, झेलला किती, घेऊन पळाले किती, गुण किती, असे चार रकाने असतात. चारही शून्य. मी शेवटी "कामगिरी : निरंक" असे लिहून प्रकरण पुढे ठेवले.

"काहीतरी केलं असेल ना हो माणसानं?" समितीच्या सदस्य ऑग्डेनबाई म्हणाल्या. त्या विमा कंपनीत हिशेब बघत असत.

"अडवलं," मी म्हणालो.

"अडवल्यामुळे काय झालं?"

"काही झालं नाही."

"कोणाला?"

"डेलला."

"मग हे किती वेळा झालं नाही, त्याचा आकडा द्या."

आकडा नव्हता. शिवाय खेळ सोडून ठरावीक वर्षे उलटली की प्रकरण कायमचे बंद होते, आणि त्र्याहत्तर नंबरचे हे शेवटचे वर्ष होते. यंदा नाही तर कधीच नाही. सबब न घडलेल्या घटनांचे पुरावे जमवण्याचे काम माझ्याकडे आले.

त्यांचे घर दालनाच्या अगदी समोर आहे. दार त्यांच्या पत्नीने, डोलोरेसबाईंनी, उघडले. आत कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा वास सुटला होता.

"अहो, दालनवाले आलेत," त्यांनी आत हाक मारली. "पाय पुसून या साहेब, बर्फ आणू नका घरात."

त्र्याहत्तर नंबर गुडघे सांभाळत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या पलीकडे काय आहे ते मला शेवटपर्यंत दिसले नाही.

"आपण नेमकं काय केलंत?" मी वही उघडली.

"उभा राहिलो," ते म्हणाले.

"आणि?"

त्यांनी विचार केला. "हललो नाही. म्हणजे होता होईतो."

"ह्यांना काय विचारता?" डोलोरेसबाई मध्येच म्हणाल्या. "मला विचारा. बारा वर्षांत एक सामना चुकवला नाही मी. ह्यांच्यावरून नजर हलवली असेल तर शपथ."

मला आशा वाटली. "मग त्या अंतिम सामन्यात डेलनं शेवटच्या मिनिटाला फेकलेला चेंडू..."

"कुठला चेंडू?"

"अहो, सगळ्या देशानं पाहिला तो."

"चेंडू कुणी बघितलाय? लोक ओरडले की मला कळायचं, काहीतरी झालं. जिंकलात का हरलात, ते मी ह्यांना घरी आल्यावर विचारायचे. पण त्या वेळी दोघं एकदम ह्यांच्या अंगावर आले होते, डावा गुडघा असा बाहेरच्या बाजूला वळला होता, आणि हे तसेच उभे होते. ते मी बघितलंय. तुम्ही बघितलंय का?"

मी चेंडू बघत होतो. साक्षीदारास सामन्याचा निकाल माहीत नसल्याने साक्ष अग्राह्य, अशी मी नोंद केली.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "कोट नको हो आम्हाला. ह्यांच्या मापाचा तुमच्याकडे असणारही नाही. पण ऑगस्टमधे तुमचा सोहळा असला की लोक आमच्या अंगणात गाड्या लावतात आणि ह्यांनाच विचारतात, काका, डेलचं डोकं कुठंय? हे हाताला धरून त्यांना रस्ता ओलांडून देतात. एकदा तरी कुणीतरी परत येताना म्हणावं, काका, तुम्हाला आत बघितलं. हे जिवंत आहेत तोवर. एवढंच आहे माझं."

मला वाईट वाटले. चिटणिसाला वाईट वाटण्यासाठी रकाना नाही, म्हणून ते नोंदीत आलेले नाही.

मग जुनी चित्रफीत तपासली. कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे त्र्याहत्तर नंबर कधी कोपर दिसावे, कधी बूट, इतपतच दिसले. स्पष्ट असे ते एकदाच सापडले. बफेलो शहरातल्या एका सामन्यात बर्फावर त्यांचा पाय घसरला होता आणि त्यांना ओलांडून गेलेल्या माणसाने डेलचे गळपट्टीचे हाड मोडले होते. हा तुकडा मात्र संथ गतीने, तीन बाजूंनी आणि उत्तम प्रकाशात उपलब्ध आहे.

"पुरावा एक," हॅलिडेसाहेब म्हणाले. "त्यात अपयशही एक. म्हणजे शंभर टक्के."

"टक्केवारी बरोबर आहे," ऑग्डेनबाई म्हणाल्या.

प्रकरण तिथेच संपायचे, पण डेल रॅन्समचे पत्र आले. स्वतःच्या हाताने लिहिलेले. त्र्याहत्तर नंबरना तो 'मोठ्या' म्हणत असे. "त्या मोठ्यामुळे मी आज दोन पायांवर चालतोय. दालनात माझं जे डोकं आहे, ते निम्मं त्याचं आहे." पत्र वाचून समिती हेलावली. दोघा सदस्यांनी तर डोनट खाली ठेवला.

"निम्मं त्याचं?" ऑग्डेनबाईंनी चष्मा लावला. "मग ते निम्मं सध्या कोणाच्या नावावर आहे?"

मुद्दा बिनतोड होता. एकच कर्तृत्व दोन डोक्यांच्या नावावर टाकले तर ती गुणवत्तेची दुबार नोंद होते. त्र्याहत्तर नंबरला द्यायचे तर डेलच्या खात्यातून वजा करायला हवे. ऑग्डेनबाईंनी तिथल्या तिथे वजा करून पाहिले. उरलेला डेल आमच्या निकषांत बसत नव्हता.

"तत्त्व म्हटलं की तोंड बघून चालत नाही," हॅलिडेसाहेब जड आवाजात म्हणाले. त्याच दिवशी डेल रॅन्समला नोटीस गेली: फेरहिशेब होईपर्यंत आपले डोके तळघरात पाणी तापवण्याच्या टाकीशेजारी का हलवू नये, याचा समक्ष खुलासा करावा.

सुनावणीला त्र्याहत्तर नंबरनाही बोलावले होते. ते चर्चला जायच्या कपड्यांत येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. थोड्या वेळाने डेल आला. लाल कोट, चापूनचोपून बसवलेले पांढरे केस. त्याला पाहताच पायऱ्यांवर थांबलेले पत्रकार कॅमेरे आणि माइक घेऊन एकदम त्याच्या अंगावर आले.

त्र्याहत्तर नंबर उठले. गुडघ्यांचा आवाज मला दारातून ऐकू आला. ते दोन पावले पुढे गेले, किंचित वाकले आणि उभे राहिले. डेल त्यांच्या पाठीमागून दाराशी आला. त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

"आभारी आहे रे, मोठ्या," तो म्हणाला. त्याने मागे वळून पाहिले नाही. तशी त्याला कधी गरज पडली नव्हती.

"जा तू आत," त्र्याहत्तर नंबर म्हणाले.

इतिवृत्तात मी लिहिले: साक्षीदार वेळेवर हजर. दारात काही घडले नाही.

आत डेलने काचेतून आपल्या ब्राँझच्या डोक्याकडे पाहिले, मग गालिच्याकडे. "ते पत्र मी जरा भावनेच्या भरात लिहिलं होतं, साहेब. तसं बघायला गेलं तर माझे पाय चपळ होते. मी माझा मीच निसटायचो."

"मग त्र्याहत्तर नंबर काय करायचे?" मी विचारले.

"चांगला माणूस आहे हो. दर नाताळला घरचं सॉसेज पाठवतो."

डेलचे डोके जागेवर ठेवण्याचा आणि त्र्याहत्तर नंबरचे प्रकरण कायमचे बंद करण्याचा ठराव एकमताने झाला. एक डोनट उरलाही.

आम्ही निर्दय आहोत असे मात्र कोणी समजू नये. डेलच्या नाकाला लोक शुभ म्हणून हात लावतात आणि नाक झिजत चालले आहे. तेव्हा त्याच्याभोवती पितळी कठडा करावा आणि तो तमाम अडवणाऱ्यांच्या गौरवार्थ अर्पण करावा, असे ठरले. कठड्यावर नाव कोणाचेच नाही. एकाचे घातले तर बाकीच्यांवर अन्याय होतो.

ऑगस्टच्या सोहळ्याचा दिवस उजाडला तरी कठडा तयार होऊन आला नाही. गर्दी तर दारात उभी. हॅलिडेसाहेबांनी खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिले आणि मला खूण केली.

त्र्याहत्तर नंबर लगेच आले. कोट मागितला नाही, खुर्चीही मागितली नाही. डेलच्या डोक्यापुढे ते उभे राहिले, आणि त्या दिवशी एकाचाही हात त्या नाकापर्यंत पोचला नाही. दुपारी डोलोरेसबाई तिकीट काढून, रांगेत उभ्या राहून आत आल्या आणि त्यांच्यासमोर येऊन थांबल्या.

"बाई, सरका ना जरा," मागचा एक जण म्हणाला. "डेल दिसत नाहीये."

"मला दिसतंय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "अहो, गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"आलात बघा एकदाचे आत."

"संध्याकाळपर्यंतच," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कठडा आला. तो काही त्यांच्याइतका भक्कम नाही.

ही हकीकत वर्तमानपत्रात छापून आली आणि आमच्याकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. एकाने मला डुक्कर म्हटले. मी एकूण एक पत्र वाचले, कारण सार्वजनिक हरकत आली तर बंद प्रकरणही उघडता येते, अशी सोय नियमातच आहे. अट एकच. हरकतीत उमेदवाराचे पूर्ण नाव हवे. कोणी "बिचारे ७३ नंबर" लिहिले होते, कोणी "डोलोरेसबाईंचे यजमान", कोणी "डेलचा तो मित्र". सगळ्या हरकती फेटाळाव्या लागल्या.

तुम्हालाही आमचा राग आलेला दिसतो. चांगली गोष्ट आहे. साधा कागद चालेल, शुल्क काही नाही. वरच्या ओळीत त्यांचे पूर्ण नाव लिहा आणि पाठवून द्या, मी स्वतः ते हॅलिडेसाहेबांपुढे ठेवीन. मागे जाऊन बघायचे मात्र नाही. आणि डेल रॅन्सम लिहू नका. ते तुमच्या लक्षात आहे, हे मला माहीत आहे.