ताण बसला, शेंडे खुडा!

"माणूस सुधारत नाही, कारण त्याला कोणी मोजत नाही!" स्वानंदनं सोमवारी सकाळी चहाच्या कपासमोर जाहीर केलं. "पाऊस मोजतात, कापूस मोजतात, दुधातलं पाणीसुद्धा मोजतात. माणसालाच तेवढं मोकाट सोडलंय!"

"तुला मोजायला यंत्र कशाला हवं?" त्याची बायको आभा शाळेचा डबा भरता भरता म्हणाली. "मला तोंड बघून कळतं."

शास्त्राला घरात मान नसतो, हे स्वानंदला ठाऊक होतं. त्यानं फक्त मनगटावरचा काळा पट्टा एक भोक घट्ट केला. हा पट्टा नाडीचे ठोके मोजायचा, झोप मोजायचा आणि स्वानंद फार वेळ खुर्चीला चिकटला किंवा त्याची नाडी उधळली की थरथरायचा. त्यातून येणारी सगळी माहिती स्वानंदनं स्वतः लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये जायची. कोणत्या वेळी काम सरळ होतं, कधी चुका वाढतात, कधी डोकं तापतं, सगळ्याचा आलेख!

या खटाटोपाला कारणही तसंच होतं. पुण्यात पाच वर्षं सॉफ्टवेअर लिहून स्वानंदची झोप उडाली होती, पोटात कायमची जळजळ आणि डोक्यावर कायमची विरळ जागा तयार झाली होती. शेवटी तो दारव्ह्याला परत आला. आभाला इथल्या शाळेत नोकरी लागली, आणि त्याला अय्याजभाईंनी ठेवून घेतलं. अय्याजभाईंची कंपनी म्हणजे कृषी केंद्राच्या माडीवरची एक खोली. त्यात अय्याजभाई, स्वानंद आणि एक टेबलफॅन. तिघांपैकी नियमित फिरायचा तो फॅनच. पण स्वानंदला इथं झोप लागायची, आणि आभा हसायची. एवढ्यासाठी तो त्या फॅनलासुद्धा नमस्कार घालायला तयार होता.

बोंडअळीनं कपाशीचा घात केलेली ती वर्षं. कंपनीचं काम एकच: शेतकऱ्यांच्या फोनवर कपाशीचे मेसेज पाठवायचे. पावसाचा खंड पडला की काय करावं, अळी कशी ओळखावी, फवारणी कधी. शेवटी एक प्रश्न असायचा, 'अळी दिसली का? दिसली तर एक पाठवा, नसेल तर दोन.' पैसा एका संस्थेचा होता. आणि घोडं पेंड खात होतं ते इथंच! शेतकरी मेसेज घ्यायचे, उत्तर म्हणून पाठवायचा नाही कोणी. ना एक, ना दोन.

"मंगळवारी शीलाताई येऊन राह्यल्या," अय्याजभाईंनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं. शीलाताई म्हणजे संस्थेच्या अधिकारी. "त्या म्हन्ते, कास्तकार बोलतच नसन तं सेवा कायले चालवाची? बंद करू. मंग मी मोबाईल दुरुस्त करतो, अन् तू जाय पुण्याले."

पुणं म्हटल्याबरोबर पट्टा थरथरला होता.

म्हणून सोमवारी स्वानंदनं निश्चय केला. स्वतःला इतकं शिस्तीत ठेवायचं की दोन दिवसांत सेवा लखलखीत करून दाखवायची! त्यासाठी त्यानं प्रोग्रॅममध्ये एक नवी सोय घातली. आपला ताण वाढला की आपल्याला समजुतीचा मेसेज येईल, आणि एक मेसेज घरच्या माणसाला जाईल, म्हणजे घरचं माणूस सांभाळून घेईल. आभानं नंबर द्यायला साफ नकार दिला. मग त्यानं बाबांचा नंबर घातला.

वेगळा सर्व्हर घ्यायचा खर्च वाचवायला त्यानं हे सगळं कपाशीच्याच सर्व्हरवर चढवलं. पावसानं दडी मारली की पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, काय बसतो? ताण. पुण्याच्या आठवणीनं स्वानंदला काय येतो? ताण. गड्यानं दोन्ही ठिकाणी एकच शब्द घातला! आता संगणकाला काय कळणार, कोणता ताण पऱ्हाटीचा आणि कोणता पोटातला? तो बिचारा मोजायला बसलेला, शहाणपणा करायला नाही.

मंगळवारी सकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या. पावसाचा खंड लांबला. आणि शीलाताई नेरहून निघाल्याचा फोन आला, तशी स्वानंदची नाडी उधळली. सर्व्हरनं दोन्ही ताण बघितले आणि दोन्ही मेसेज इमानेइतबारे पाठवले. स्वानंदचा शेतकऱ्यांना, आणि पऱ्हाटीचा बाबांना!

स्वानंदचे बाबा, म्हणजे नरहरराव, बाभुळगावच्या कचेरीतून निवृत्त होऊन आता दारव्ह्याला मुलाकडेच राहणारे. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरून आलेल्या आदेशाला 'का?' म्हणून विचारलं नव्हतं. आदेश चुकीचा असू शकतो, पण पाळणाऱ्याची चूक कधी निघत नाही, ही त्यांची श्रद्धा. त्यांनी चष्मा पुसून मेसेज वाचला.

'स्वानंद यांच्याकडे ताण वाढला आहे. पाने मलूल दिसतील. हलके पाणी द्यावे. उंची जास्त असल्यास शेंडे खुडावेत. पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. कामगंध सापळे लावावेत.'

नरहररावांनी मेसेज तीनदा वाचला आणि पायात चपला घातल्या.

इकडे माडीवर वेगळाच गोंधळ! जो फोन महिनोनमहिने मुका होता, तो ठणठणायला लागला. अय्याजभाईंनी एक उचलला की दुसरा वाजायचा.

"हां बोला... पानी प्यालो म्हन्ता? बरं झालं... कोन काय इचारलं?... आता बरं वाटते? बहुत अच्छा!" त्यांनी फोनवर हात ठेवला. "अबे स्वानंद, काय धाडलं तू लोकायले? तो मानूस मले सांगून राह्यला की त्यानं डोळे मिटले होते!"

स्वानंदनं स्क्रीन उघडली. प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवर त्याचा खासगी मेसेज झळकत होता: 'ताण वाढलेला दिसतो. हातातलं काम ठेवा. ग्लासभर पाणी प्या. जवळच्या माणसाशी बोला. आता कसं वाटतं? बरं वाटत असेल तर एक पाठवा, नसेल तर दोन.'

"मेलो!" स्वानंद म्हणाला. "अय्याजभाई, पुणं पक्कं झालं!"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. स्वानंदला वाटलं, शीलाताई. आले ते नरहरराव! एका हातात बादली, बगलेत फवारणीचा कोरा पंप, खालून कृषी केंद्रातून मागून आणलेला. मागे कोपऱ्यावरचा सलूनवाला जमीर, कैची घेऊन.

"बस," नरहरराव म्हणाले.

"बाबा, हे काय?"

"आदेश आहे. जमीर, शेंडे!"

"काका, शेंडे आहेत कुठं याले?" जमीरनं स्वानंदच्या डोक्यावरची विरळ जागा निरखली. "जे हायेत ते कडंकडंनंच हायेत."

"असतील तेवढे खूड!"

स्वानंद उठायच्या आत कानावरची झुलपं गेली. पट्टा मनगटावर वेड्यासारखा थरथरायला लागला. त्यानं पुन्हा ताण मोजला, पुन्हा मेसेज सोडला, आणि नरहररावांचा खिसा टुणकन वाजला. "बघ, स्मरणपत्रसुद्धा आलं!" म्हणत त्यांनी पंपाचा दट्ट्या ओढला. आईनं घाईघाईनं वाटून गाळून दिलेलं निंबोळीचं पाणी स्वानंदच्या तोंडावर, सदऱ्यावर आणि टेबलफॅनवर सपासप बसलं. फॅननं ते इमानदारीनं सगळ्या खोलीत वाटून दिलं.

"आणि हे शेवटचं," नरहररावांनी मादीच्या वासानं नर पतंगांना पकडणाऱ्या कामगंध सापळ्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि खाकरले. "हे कलम तुम्ही नवरा-बायको आपसात बघा."

नेमक्या त्याच क्षणी शीलाताई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून बाजाराला आलेला लालसिंग. जवळच्याच तांड्यावरचा कास्तकार, फोन लागेना म्हणून थेट जिना चढला होता.

खोलीत कडू वास, खाली केस, मधोमध टपटप गळणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. शीलाताईंनी रुमाल नाकाला लावला.

"मी नंतर येऊ का?"

"नाही मॅडम, या... म्हणजे, हे सगळं चुकून..." स्वानंद ओल्या बाहीनं तोंड पुसत म्हणाला.

लालसिंग मात्र पुढं आला. "मेसेज धाडनारे साहेब कोनते?"

अय्याजभाईंनी निमूटपणे ओल्या माणसाकडे बोट दाखवलं.

"साहेब, तुमी म्हनलं काम ठेव, मी बैल थांबोले, डवरं ठेवलं. पानी पे म्हनलं, प्यालो. जवळच्या मानसाशी बोल म्हनलं. जवळ भुरीबाईच होती, मायी बायको. तिले म्हनलं, 'कशी हायेस वो तू?' तं ती म्हने, 'आज सकाळीच घेतली का?'"

शीलाताईंचा रुमाल खाली आला. "मग?"

"मंग बसलो वावराच्या धुऱ्यावर. पेरनीपासून आमी फक्त बियानं अन् खत येवढंच बोललो होतो. आज लई बोललो. बोलता बोलता तिनं सांगतलं, मधल्या सऱ्यायमंदी फुलं उमलूनच नाही राह्यली, गुलाबाच्या कळीवानी मिटली हायेत. मी फोडून पाह्यलं. आत अळी! तुमी मांगं इचारत होते नं, अळी दिसली का? दिसली. हेच सांगाले आलो."

"आतापर्यंत का नाही सांगितलं?" शीलाताईंनी विचारलं.

लालसिंगनं डोकं खाजवलं. "आजवर तुमी अळीलेच इचारत होते बाई. मले कोनी इचारलंच नाही."

अय्याजभाईंनी हळूच स्क्रीन शीलाताईंकडे वळवली. एक, एक, दोन, एक, दोन... उत्तरं खाली सरकत होती, थांबायचं नाव नव्हतं. काहींनी आकड्यापुढं अळीचंही लिहिलं होतं. कोणी नुसतं 'बरं हाय, तुमी कसे' असं लिहिलं होतं.

"आजचा मेसेज कोणी लिहिला?"

"मी," स्वानंद म्हणाला. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं! "पण तो त्यांच्यासाठी नव्हता मॅडम. माझ्यासाठी होता. मला पुण्याला परत जायचं नाही."

आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. निंबोळी गेली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ते मान्य केलं.

शीलाताई खुर्ची पुसून बसल्या. "हे बघा. लालसिंगभाऊंना अळी आत्ता कळली, म्हणजे हातात वेळ आहे. हंगाम संपेपर्यंत सेवा चालू ठेवा. पुढच्या हंगामाचं मी वर मांडते. पण यापुढं दोन्ही मेसेज जायला हवेत. आधी माणसाचा, मग पऱ्हाटीचा. आणि दोन पाठवणाऱ्या प्रत्येकाला आजच्या आज फोन करा. सुरुवात तुम्ही करा."

"अंग पुसून करतो," स्वानंद म्हणाला.

दिवसभर तो आणि अय्याजभाई फोनवर बोलत राहिले. लालसिंग जाताना जमीरकडून दाढी करून घेऊन गेला. भुरीबाईला पुन्हा संशय येणार, हे नक्की होतं.

संध्याकाळी आभा दारात त्याची वाट बघत होती. तिनं त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं, हिरवट सदऱ्याकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"राहतोय आपण," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"तोंड!"

स्वानंदनं मुकाट्यानं पट्टा काढून खुंटीला टांगला. शेवटचा ठोका मोजताना पट्ट्याला बहुधा फार बरं वाटलं असावं, कारण आतल्या खोलीत नरहररावांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून मेसेज मोठ्यानं वाचला आणि लगेच जमीरला फोन लावला.

"हं, जमीर? अभिनंदन! स्वानंद तरारला आहे. पुढची फवारणी पंधरा दिवसांनी!"