गप राहणारा कॉम्प्युटर

आमच्या लालबागच्या चाळीतले जॉबरकाका कॉम्प्युटरचा पंखा दातांनी तपासतात. थट्टा नाही करत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरत्या पंख्याच्या चौकटीला टेकवायचं, त्याची मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. मग लॅमिंग्टन रोडवरचं अख्खं दुकान दचकेल अशा आवाजात, "थरथरता मेलो! गप रवणारो दाखव!"

काकांना ऐकू येत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. गिरणीत जॉबर होते, साचेखात्यात माग दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्या खडखडाटात कान गेले. कानाचं मशीन आहे, पण ते कपाटात. "त्येच्यात नुसतो बाजार आयकाक येता," म्हणतात. समोरच्याचे ओठ बघून काम भागवतात.

आणि या माणसाला हवा होता बिनआवाजाचा कॉम्प्युटर!

कारण सुमनकाकू. त्या म्युनिसिपल शाळेत मराठी शिकवायच्या. आता एका संस्थेतल्या अंध मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करतात. पुतण्याने टाकलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर पहिले चार धडे केले, ते संस्थेने परत पाठवले. मागे घरघर येते म्हणे. "जाऊ दे, माझ्याच्याने नाही व्हायचं," काकू म्हणाल्या खऱ्या, पण तोंड एवढंसं झालं होतं. काका ते बघून उठले आणि थेट माझ्या दारात.

"चल. नवो बांधूया."

मी ऑफिसात पगारपत्रकं करतो, एवढ्यावर चाळीने मला कॉम्प्युटरतज्ज्ञ ठरवलंय. मी म्हटलं, "काका, सरळ लॅपटॉप घ्या, सुटाल."

"त्येच्यात माका हात घालूक मिळता काय?"

संपला विषय.

जुन्या कॉम्प्युटरचं आतलं सगळं त्यांनी उपटून काढलं, पण पेटी ठेवली. खिसा बेताचा हे एक कारण. खरं कारण पत्रा. बोटाने टिचकी मारून म्हणाले, "जाड आसा. आताचे डबे म्हणजे पापड. पापड थरथरतलोच." ग्राफिक्स कार्ड बाद, कारण त्याला स्वतःचा पंखा. चित्र दाखवण्याचं कामही करील असा साधा प्रोसेसर घेतला. फिरणारी हार्ड डिस्क बाद, तिच्या जागी एसएसडी, कारण एसएसडीत हलणारं काहीच नसतं. दुकानदाराने कौतुकाने रंगीत दिव्यांचा पंखा काढला, तर काका उखडले, "गणपतीक लावूचो आसा काय?" वीज पुरवणारा डबा तीनदा बदलून आणला. चौथ्यांदा आम्ही दिसलो तेव्हा दुकानदाराने मुकाट्याने स्वतःचाच स्क्रू ड्रायव्हर पुढे केला.

शेवटी पंखा सापडला. मोठा, कारण मोठा पंखा सावकाश फिरला तरी पुरतो. घरी येऊन बघतो तर जुन्या पेटीचं भोक लहान!

"आता तरी नवी पेटी घ्या," मी हात जोडले.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात खाली घेतले. दोन दुपारी गॅलरीत बसून त्यांनी तो पत्रा करवतीने कापला आणि कानशीने घासला. शांत कॉम्प्युटरपायी चाळीत कोणाचा डोळा लागला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी भांडायला आल्या आणि थकून परत गेल्या, कारण काकांनी मान वर करून त्यांच्या ओठांकडे बघितलंच नाही.

रविवारी दुपारी काकूंनी पहिला धडा पुन्हा वाचायला घेतला. मी दाराशी उभा. रेकॉर्ड होताना स्क्रीनवर आवाजाची रेघ उमटते. जुन्या कॉम्प्युटरवर ती कायम केसाळ दिसायची, कोणी बोलो न बोलो. आता काकू श्वास घ्यायला थांबल्या की रेघ सपाट व्हायची, एकदम सरळ. वाचू लागल्या की पुन्हा डोंगर. काका चष्मा लावून, काकूंकडे पाठ करून, नाक स्क्रीनला टेकेल इतके जवळ बसले होते.

रेकॉर्डिंगमध्ये आवाज नको म्हणून मी दारातूनच हाताने 'जमलं' अशी खूण केली. त्यांचं लक्षच नव्हतं.

धडा संपला. रेकॉर्डिंग चालूच होतं, रेघ सपाट. काकूंनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि काकांच्या पाठीकडे बघत, अगदी हळू, जणू स्वतःशीच म्हणाल्या, "दमलात हो माझ्यासाठी."

स्क्रीनवर एक बारीकशी टेकडी उठली.

काका गर्रकन वळले. "काय गो?"

काकू बघतच राहिल्या. इतकी वर्षं काकांना हाक मारायची म्हणजे खांदा हलवायचा, नाहीतर समोर जाऊन उभं राहायचं. काकू नुसत्या बोलल्या आणि काकांनी ओ दिली, हे चाळीत कोणी पाहिलं नव्हतं.

"काही नाही हो," काकू कशाबशा म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

पण काका तोवर पुन्हा स्क्रीनकडे वळले होते. तिथे नवी टेकडी उमटली होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आणि आता? आता काय म्हणालंस?"