वामनभाऊ आणि डोक्यातली वीज

आमच्या शेजारचे वामनभाऊ झाडे घरातसुद्धा रबरी चपला घालून वावरतात. आंघोळीला जातानाही घालतात आणि देवपूजा करताना पाटाशेजारी काढून ठेवतात, पण तेव्हा पाय पाटावरच असतात, जमिनीला लागू देत नाहीत. दिव्याचं बटण दाबायचं तर लाकडी लाटण्यानं. आमच्या देवळी गावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांच्या पायांना ओळखणारा एकही नसेल.

याला कारण आहे. वामनभाऊंची सगळी नोकरी विजेच्या ऑफिसात गेली, आणि तीही शॉक लागून झालेल्या अपघातांच्या फायली लिहिण्यात. कुणी ओल्या हातानं मोटर चालू केली, कुणी तारेवर कपडे वाळत घातले, हे सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. त्यातून त्यांनी एकच वाक्य शिकून घेतलं, "रिक्स नाई घेत मी." लग्नाच्या पंगतीत दुसरी जिलबी वाढायला आलं तरी ते हेच म्हणतात.

तर अशा माणसानं एके दिवशी मला कुंपणावरून हाक मारली आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या डोक्याले तारा लावू का?"

मला घामच फुटला. मी शाळेत मराठी शिकवतो. डोक्याला तारा लावण्याशी माझा संबंध आला नव्हता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि नाही म्हणवेना. सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मेंदूचा झटका येऊन गेला होता. तेव्हापासून त्या पलंगावर होत्या. बोलत नव्हत्या, कुणाकडे पाहत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले होते, आता यांना काही समजत नाही, तुम्ही मनाची तयारी ठेवा.

"समजत नाई हे त्यायले कसं समजलं?" वामनभाऊ म्हणाले. "आत काही चालू हाय का नाई, मी मशीननं पाह्यतो. मी आवाज देईन. लाइन हालली, तं ते ऐकून राह्यली. नाई हालली, तं..."

मेंदूत वीज असते आणि ती कागदावर उतरवता येते, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. एक लहानसा बोर्ड पार्सलनं मागवला आणि लॅपटॉपला जोडला. प्रश्न राहिला तो डोक्याला काय चिकटवायचं याचा, आणि त्या प्रश्नात ते जे शिरले ते बाहेरच येईनात.

आधी ईसीजी काढताना छातीला लावतात तसे डॉक्टरी स्टिकर आणले. ते केसांवर टिकेनात म्हणून माझ्या कपाळाला लावले. काढताना माझी अर्धी भुवई त्यांच्यासोबत गेली. मग पितळेची बटणं. मग कुणीतरी सांगितलं, चांदीसारखं दुसरं काही नाही. घरात चांदी होती ती वहिनींच्या पायातली जोडवी. पण ती काढायची म्हटल्यावर वामनभाऊंचा चेहरा पांढरा पडला. "सवाष्णीच्या पायातली जोडवी काढू? रिक्स नाई घेत मी." शेवटी ट्रंकेतून त्यांचा स्वतःचा लहानपणचा चांदीचा करदोडा निघाला. तो घेऊन आम्ही सोनाराकडे गेलो आणि नखाएवढ्या वाट्या करून मागितल्या.

"कानातल्या का नाकातल्या?" सोनारानं विचारलं.

"डोक्यातल्या," वामनभाऊ म्हणाले.

सोनारानं हौसेनं त्या इतक्या चकचकीत करून दिल्या, आणि यांनी घरी येऊन मिठाच्या पाण्यात बॅटरी लावून काळ्याकुट्ट केल्या. तशाच लागतात म्हणे. चिकटवायला मैद्याची खारट खळ शिजवली. वाट्या जागेवर राहाव्यात म्हणून माकडटोपीला भोकं पाडली. कानाच्या पाळ्यांना कपड्यांचे चिमटे लावून त्यांतूनही तारा काढल्या. अशा थाटात मी भर वैशाखात माकडटोपी घालून खुर्चीत बसलो, तेव्हा मनातल्या मनात बायकोची क्षमा मागून घेतली.

खरं तर भ्यायचं काही नव्हतं. लॅपटॉपचा चार्जर काढलेला, सगळं बॅटरीवर. तरी वामनभाऊंनी घराचा मेन स्विचही लाटण्यानं पाडला. पंखा थांबला. मला घाम सुटला आणि पडद्यावरची रेघ वाहत्या घामाबरोबर खालीच जायला लागली. ती जरा सावरली तर नुसता गोंगाट.

"कचरा," ते म्हणाले. रेघ बिघडली की त्याला ते कचरा म्हणत. "मास्तर, डोक्याले तेल लावलं का?"

लावलं होतं. आमच्याकडे तेल न लावता कोण घराबाहेर पडतं? त्यांनी मला मोरीवर बसवून शिकेकाईनं माझं डोकं धुतलं, लहान पोराचं धुवावं तसं, डोळ्यांवर हात धरून. पुन्हा टोपी चढली. पुन्हा कचरा.

"दात काऊन आवळून राह्यले? तोंड जरासं हाललं का सारा कचरा येते. डोक्यातलं काहीच दिसत नाई मंग."

भीतीनं आवळले होते. ते सैल सोडले, डोळे मिटले, आणि वामनभाऊ ओरडले, "आली!" डोळे मिटल्यावर येतात तशा मोठ्या, संथ लाटा. आम्ही दोघंही हसलो. मशीन चालत होतं.

मला वाटलं, आता उद्याच वहिनींना लावतील. पण नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, खळ पातळ आहे. मग वाट्या जरा लहान पाहिजेत. मग तारा बदलू. सोनाराकडे पुन्हा, तारांसाठी वर्ध्याला. रोज नवीन खोट. वहिनींच्या केसांना रोज खोबरेल लावायचं, वेणी घालायची, हे मात्र चुकत नव्हतं. आणि तेल असलं की वाट्या लागत नाहीत हे माझ्या आधी त्यांना ठाऊक होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या माणसाला विजेची भीती नव्हतीच. रेघ हलली नाही तर, याची होती. आणि ती भीती एव्हाना मलाही लागली होती.

"वामनभाऊ," एके दुपारी मी म्हणालो, "आज करू. मी आहे."

त्यांनी वहिनींचं डोकं धुतलं. ओले केस पंच्यानं टिपले, कंगव्यानं भांग पाडून पाडून वाट्या बसवल्या. थोडी खळ उशीवर सांडली. मेन स्विच पडला. घर एकदम चिडीचूप झालं.

"तुमी पाह्यजा," ते म्हणाले. "मी नाई पाहत. मशीन बी नाई, तिले बी नाई." आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

रेघ बारीक, आळशी चालली होती.

"अवं," ते खिडकीलाच म्हणाले. "अवं, चाय मांडतं का?"

हे वाक्य मी कुंपणापलीकडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्यावर वहिनींचं ठरलेलं उत्तर असे, "हात नाई का तुमाले?"

रेघ एकदम उसळली. काट्याकुट्यांसारखी, पडदाभर.

"कचरा!" मी म्हणालो.

"तं पाहा," ते घाईनं बोलले, आणि त्या आवाजात सुटका होती. "वाटी सरकली. मी म्हणतच होतो, बदलवा लागतीन. उद्या पाहू."

कोणती सरकली ते पाहायला मी वहिनींकडे वळलो. एकही सरकली नव्हती. वहिनींच्या तोंडाचा उजवा कोपरा ओढला जात होता, सुटत होता, पुन्हा ओढला जात होता. कपाळाला आठी पडली होती.

"वामनभाऊ, वाट्या जागेवर आहेत. इकडे पाहा."

"रिक्स..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले. मग वळले.

ते पलंगाशी आले आणि अगदी हळू, पुन्हा म्हणाले, "चाय मांडतं का?"

तोच कोपरा, तीच आठी. पडद्यावर कचराच कचरा. मी खाली मान घातली, कारण मला रडू येत होतं.

"मीच मांडतो," वामनभाऊ म्हणाले. "हाय ना हात मले." त्यांनी तिच्याच पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला आणि स्वयंपाकघराकडे गेले. थोड्या वेळानं मेन स्विच चढल्याचा आवाज आला, वरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. लाटणं खिडकीतच पडलं होतं, आणि रबरी चपला पलंगाखाली.