अध्यक्ष आत, कुलुपं बाहेर

गोपाळरावांनी दार ओढलं, ढकललं, पुन्हा ओढलं आणि ते बाहेरून बंद आहे हे मान्य केलं. एरवी कोणतीही गोष्ट मान्य करायला त्यांना दोन-तीन बैठका लागत.

रामदासपेठेतल्या एका बंगल्यामागच्या जुन्या गॅरेजात 'श्रमिक एकजूट मंचा'चं कार्यालय होतं आणि गोपाळराव मंचाचे अध्यक्ष होते. मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं, म्हणून जेवणानंतर ते झेंड्या-फलकांच्या ढिगामागे सतरंजी टाकून आडवे झाले आणि कूलरच्या घरघरीत त्यांचा डोळा लागला. चार वाजता कामगार कार्यालयात सुनावणी होती. एका खासगी दवाखान्यातल्या साफसफाईच्या बायकांना ठेकेदाराने एका दिवसात घरी बसवलं होतं आणि त्यांच्या वतीने गोपाळराव बोलणार होते. या खेपेला प्रतिनिधी आला नाही तर प्रकरण बंद करू, असं अधिकाऱ्याने बजावलं होतं. बायकांची पुढारी तारा. तिने "भाऊ, याल ना नक्की?" असं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं, कारण ती मंचाला ओळखून होती.

मंचात दोन गट होते. चंद्रभानचा गट म्हणे, सध्याचा काळ संघर्षाचा आहे. मिनलचा गट म्हणे, तो संघर्षाच्या तयारीचा आहे. या वादापायी दोन वर्षांत संघर्षही झाला नव्हता आणि तयारीही. गोपाळराव दर बैठकीत दोन्ही बाजू ऐकत, चष्मा पुसत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं सांगून चहा मागवत. त्यामुळे दोन्ही गट त्यांच्यावर सारखेच चिडून होते. आता रविवारी अधिवेशन होतं, आणि कार्यालय ज्याच्या ताब्यात त्याचा मंच, एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं.

गोपाळरावांनी चंद्रभानला फोन लावला. कुलूप आपणच लावल्याचं त्याने अभिमानाने सांगितलं. दुपारी सामसूम बघून आपण गुपचूप आलो, वरच्या कडीला कुलूप घातलं आणि निघालो. कूलर चालू असल्याचं ऐकू आलं होतं, पण मिनलचे लोक विजेच्या बाबतीत बेजबाबदारच आहेत, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. अध्यक्ष आत असतील ही शक्यता त्याच्या विश्लेषणात बसली नव्हती. तो लगेच किल्ली घेऊन आला आणि दारापाशी थबकला. खालच्या कोयंड्यात दुसरं कुलूप होतं.

"भाऊ, मी आत्ता खोलतो," तो खिडकीच्या गजांपाशी येऊन म्हणाला, "पण मिनलनं आधी तिचं काढलं पायजे. मी पयले खोललं तं ताबा सोडल्यासारखं होते."

मग गोपाळरावांनी मिनलला फोन लावला. ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायची. तिने सगळं ऐकलं.

"सर, तुम्ही आधी कोणाले फोन केला?"

गोपाळरावांनी खरं ते सांगितलं.

"मग त्यालेच सांगा ना," ती म्हणाली.

तरी ती आली, आपली माणसं घेऊन आली. चंद्रभाननेही आपली बोलावली होती. दाराच्या एका बाजूला एक गट बसला, दुसऱ्या बाजूला दुसरा आणि चर्चा सुरू झाली. दोन्ही कुलुपं एकाच वेळी उघडावीत हे तत्त्वतः मान्य झालं, पण एक-दोन-तीन कोणी म्हणायचं यावर गाडी अडली. शेवटी दोघांनीही खिडकीकडे तोंड केलं आणि आधी कोणी उघडायचं याचा निर्णय अध्यक्षांनीच द्यावा असं सांगितलं. गोपाळरावांनी चष्मा पुसला. त्यांना एक नाजूक अडचणही होती. त्यांना साखरेचा आजार होता आणि मोरी अंगणाच्या त्या टोकाला होती.

साडेतीनच्या सुमारास तारा बायकांना घेऊन अंगणात आली. काय झालंय ते तिला सांगायला दोन्ही गटांनी एकदमच सुरुवात केली. तिने दोघांनाही ओलांडलं आणि खिडकीपाशी गेली.

"भाऊ, दगड घालू का कुलपाले?"

हा संघटनेचा अंतर्गत प्रश्न आहे, असं चंद्रभान आणि मिनल एका सुरात ओरडले. गोपाळरावांनी गजांतून बाहेर पाहिलं. साहेबापुढे जायचं म्हणून बायका ठेवणीतली लुगडी नेसून उन्हात उभ्या होत्या. गोपाळरावांना मनापासून लाज वाटली. पुढे जे घडलं त्यात या लाजेचा वाटा किती आणि मोरीचा किती, याची चौकशी आपण करू नये.

"घाल वं," ते म्हणाले. "दोन्ही फोड."

ताराने दोन्ही फोडली. अध्यक्ष बाहेर आले, आधी मोरीकडे धावले आणि मग बायकांबरोबर ऑटोत बसून निघून गेले. मग चंद्रभान म्हणाला, ही सरळसरळ हुकूमशाही आहे. मिनल म्हणाली की त्याचं म्हणणं आपल्याला प्रथमच पटतंय. गोपाळरावांच्या हकालपट्टीचा ठराव तिथेच, उभ्या उभ्या, एकमताने मंजूर झाला. मंचाच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव. आता काढून टाकलेला माणूस मंचाच्या नावाने बोलणार, हे थांबवणं भागच होतं. दोन्ही गट आपापले झेंडे घेऊन कामगार कार्यालयाकडे सुटले. चंद्रभानची मोटारसायकल सुरू होईना, म्हणून तो मिनलच्या स्कुटीवर मागे बसला.

तिकडे ठेकेदार केयूर पायावर पाय टाकून बसला होता. या मंचाला तो आतून-बाहेरून ओळखायचा. हे लोक कधी एकत्र यायचे नाहीत, या भरवशावरच त्याने बायकांना काढलं होतं. गोपाळराव बोलत होते आणि तो मोबाईल बघत होता. इतक्यात खाली घोषणा सुरू झाल्या. त्याने उठून खिडकीतून पाहिलं, तर फाटकातून दोन्ही झेंडे एकदम आत येत होते आणि पुढे एका स्कुटीवर मिनल आणि चंद्रभान. त्याला दरदरून घाम फुटला.

"काका, हे कसं जमवलं तुमी?" त्याने हळूच विचारलं.

गोपाळरावांना स्वतःलाच काही कळलेलं नव्हतं, म्हणून ते चष्मा पुसत राहिले. ठेकेदाराला तो कसलेल्या पुढाऱ्याचा थंडपणा वाटला. मंडळी जिना चढेपर्यंत त्याने अधिकाऱ्यापुढे कबूल करून टाकलं की सगळ्या बायका सोमवारपासून कामावर येतील. दोन्ही गट दारात पोचले तेव्हा तारा रडत होती आणि अधिकारी गोपाळरावांचं अभिनंदन करत होता. चंद्रभानने हकालपट्टी तोंडातल्या तोंडात गिळली आणि फोटोसाठी मिनलच्या शेजारी उभा राहिला.

ठराव मात्र कायम राहिला. तो मागे घ्या असं जो म्हणेल तो गोपाळरावांचा माणूस ठरला असता. त्यानंतर अधिवेशन शांततेत पार पडलं. आता दर आठवड्याला दोन्ही गट एकत्र बसतात, गोपाळरावांनी केलेल्या नुकसानाचा आढावा घेतात, त्यांचा निषेध करतात आणि हसतखेळत चहा पिऊन घरी जातात. सभासदही वाढलेत म्हणे.

परवा तारा हुडकेश्वरला गोपाळरावांच्या घरी गेली. मंचासाठी इतकी वर्षं घातलेल्या माणसाला असं बाहेर बसवलेलं तिला बघवत नव्हतं.

"भाऊ, एकडाव माफी मागून टाका ना. घेतीन ते परत."

गोपाळरावांनी जराही वेळ न घेता मान हलवली.

"नाही वं. मी परत गेलो तं फुटतीन ते."