सरपंचाचा अर्धा पलंग

वेरेना फोन न करता दारात उभी राहिली, तेव्हाच ओथमार रुपेनने ओळखलं, काहीतरी विपरीत घडलंय. डोंगरातल्या या हेलब्रिगन गावात घराला आग लागली तरी सांगायला येणारा माणूस आधी फोन करून "येऊ का?" असं विचारतो. त्यात आज वर्षाचा शेवटचा दिवस, आणि तोही रविवार.

"कोण गेलं?" कॉफीचा कप खाली ठेवत त्याने विचारलं.

"तुम्ही," वेरेना म्हणाली. "तुम्ही आणि फिलोमेनाकाकू. दोघंही."

त्याच्या बायकोने, फिलोमेनाने, पावाला लोणी लावणं थांबवलं नाही. ओथमार मात्र सुरी हातात धरून तसाच बसला. अठरा वर्षं तो या गावाचा सरपंच होता, आणि बावीस वर्षं गावचं दप्तर सांभाळणाऱ्या वेरेनाने आजवर एकही विनोद केलेला नव्हता.

वेरेनाने चीजची थाळी बाजूला सारली आणि टेबलावर नकाशा पसरला. गेल्या शरद ऋतूत शहरातून मोजणीवाले आले होते, त्यांचा अहवाल काल संध्याकाळी आला होता. हेलब्रिगन आणि खालचं टाल्माट यांची हद्द म्हणजे ओढा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ओथमारच्या आजोबांच्या काळात हिमकडा कोसळला आणि ओढ्याने चाळीस पावलं बाजूला उडी मारली. हद्दीने मारली नाही. ती जुन्या कोरड्या पात्रातच पडून राहिली, आणि सपाट जागा मिळाली या आनंदात आजोबांनी नेमकं तिथेच घर बांधलं.

"ही लाल रेघ," वेरेना म्हणाली. "स्वयंपाकघर आपल्यात. झोपायची खोली टाल्माटमध्ये."

ओथमार उठला आणि दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. त्याच्या पायाखालची जमीन सरकली नव्हती. ती जिथल्या तिथे होती, फक्त अर्धी दुसऱ्या गावाची निघाली होती.

"मग काय झालं? दिवसभर मी स्वयंपाकघरातच असतो की!"

"माणूस झोपतो तिथला, सरपंच. 'जिथे उशी, तिथे रहिवासी.' हे ग्रामसभेत कोण म्हणालं होतं?"

ते ओथमारच म्हणाला होता. तीन वर्षांपूर्वी, टेबलावर मूठ आपटून. कास्पर लोखमाटर बकऱ्यांसाठी ओढ्यापलीकडच्या गोठ्याच्या माळ्यावर झोपायला लागला, तेव्हा याच वाक्याने त्याचं नाव गावच्या यादीतून उडवलं होतं. सगळ्यांनी हात वर करून मंजुरीही दिली होती.

"आणि आकडा?" ओथमारने विचारलं.

"एक्कावन्न होते. तुम्ही दोघं वजा, एकोणपन्नास."

आता मात्र तो उंबऱ्यावरच बसला. सरकारकडून आलेलं पत्र दोघांनाही पाठ होतं: आज संध्याकाळी पाच वाजता ज्या गावाची वस्ती पन्नासच्या खाली असेल, ते शेजारच्या गावात विलीन. हेलब्रिगन म्हणजे नऊ चौरस किलोमीटर, त्यातले सात उभे. नोव्हेंबरपासून दोन महिने ऊन समोरच्या कड्यावरूनच हात करून निघून जातं. पण गाव आपलं होतं. टाल्माटची वस्ती तेवीसशे, दोन दुकानं, आणि मधोमध एक गोल चौक, ज्याचा त्या लोकांना भलताच गर्व. त्यांच्यात मिसळायचं? 

"म्हणजे अठरा वर्षं गावाचा सरपंच परगावचा होता," फिलोमेना शांतपणे म्हणाली.

"तू गप गं!"

फिलोमेना टाल्माटची. लग्न होऊन वर आली त्याला एकोणचाळीस वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी ती अजून 'खालची'च होती. दर राष्ट्रीय सणाला, शेकोटीपाशी भाषण करताना, ओथमार तोच विनोद करायचा: "आमची ही खालची, पण चीज खायला वरची!" लोक हसायचे. तीही ओठ ताणायची. तिला ते दर वर्षी टोचायचं, आणि ते त्याच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

"पलंग हलवू!" ओथमार ताडकन उठला. "स्वयंपाकघरात आणू. पाचच्या आत उशी हद्दीत!"

पलंग आजोबांनी देवदाराच्या लाकडाचा केला होता, खोलीतच, दार बसवायच्या आधी. तो दारातून जाणं शक्य नव्हतं. पण तिकडच्या सगळ्या घरांतल्यासारख्या त्याच्यावर दोन वेगळ्या गाद्या होत्या, मधे खाच.

"कापा," फिलोमेना म्हणाली. "पन्नासला एक माणूस पुरतो ना? मग तुमचा अर्धा न्या. माझा इथेच राहू दे."

"अगं पण..."

"मला इथेच उबदार वाटतं."

ओथमारने करवत आणली, आणि वेरेनाचा चेहरा पांढराफटक पडला. "सरपंच, आज रविवार! आवाज होतो म्हणून रविवारी रिकामी बाटलीसुद्धा डब्यात टाकायची नाही, असा नियम आहे. खाली सही तुमची आहे."

"मग तू ऐकू नकोस."

वेरेनाने लोकरी टोपी कानांवर ओढली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ओथमार करवत इतक्या हळू चालवत होता की दर ओढीला लाकूड म्हाताऱ्या गायीसारखं हंबरत होतं. दोन तासांत पलंग मधोमध कापून झाला, आणि फोन वाजला.

"ओथ्या, कास्पर बोलतोय. येऊ का? तुझ्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे. रविवारी करवत!"

नाही म्हणायची सोय नव्हती. कास्पर आला तेव्हा ओथमारचा अर्धा पलंग दारात आडवा अडकला होता, एका बाजूने वेरेना ढकलत होती आणि दुसऱ्या बाजूने ओथमार ओढत होता.

"अरे देवा!" कास्परने टोपी काढली. "या वयात फारकत? वहिनी, या गाढवाने केलं काय?"

फिलोमेनाने त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. कास्परचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तो लाकडाच्या ढिगावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"मला तीन वर्षं परका म्हणालास, ओथ्या! आणि स्वतः एकोणचाळीस वर्षं बायकोच्या माहेरी झोपलास? घरजावई! टाल्माटचा घरजावई!"

ओथमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हस बाबा. पण पाच वाजता गावच राहणार नाही."

कास्परचं हसू एकदम थांबलं. त्याने बाह्या सरसावल्या. "ते नाही चालायचं. गावच गेलं तर मी भांडू कुणाशी? सरक तिकडे, तिरका धर."

साडेचारला अर्धा पलंग चुलीशेजारी लागला. एका बाजूला पाय नव्हते, तिथे चीजची दोन जुनी पिंपं लावली. वेरेनाने उशी कुठे आहे ते नकाशावर पट्टी ठेवून तपासलं आणि यादीत आकडा घातला: पन्नास. हेलब्रिगन वाचलं. कास्परने तक्रारीचा कागद घडी करून खिशात ठेवला, "पुढच्या रविवारी देईन" म्हणाला, आणि दोघंही गेले.

ओथमार दमून वळला. झोपायच्या खोलीचं दार लागलेलं होतं. त्याने टकटक केलं.

"फोन न करता?" आतून आवाज आला. "ही काय पद्धत झाली!"

 मग त्याने खिशातून फोन काढला. दारापलीकडे घंटी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

"फिलोमेना रुपेन, टाल्माट. कोण बोलतंय?"

"मी... ओथमार. हेलब्रिगनहून." तो दाराला टेकला. "ते दर वर्षीचं भाषण... तो विनोद काही बरा नव्हता."

 "एकोणचाळीस वर्षं लागली हो, खालपर्यंत पोचायला."

"येऊ का?"

"या. बूट काढून या, कॉफी टाकते," फिलोमेना म्हणाली. "पण मुक्कामाचा हट्ट धरू नका. तुमच्या गावात आज मोजणी आहे."