टॉर्चचे हिस्से

अंधार सगळ्यांचा असतो, म्हणून त्याच्यावरून कोणी भांडत नाही. उजेड आला की पहिला प्रश्न उभा राहतो: ठेवायचा कोणाच्या घरी?

हा प्रश्न आमच्या गावानं ज्या शिस्तीनं सोडवला, ती शिस्त इतर गावांनीही उचलावी म्हणून हे लिहिते. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. पुढं गुरुजींची बदली झाली आणि शाळाच त्यांच्यामागं निघून गेली. पण ग्रामसभेत मी पहिल्या रांगेत बसते, त्यामुळे सरकारी भाषा मला येते. अवघड काही नाही. जे झालं नाही ते "प्रगतिपथावर", आणि जे कधीच होणार नाही ते "विचाराधीन".

आमचं गाव आरमोरीहून आत, डांबर संपतं तिथून पुढं. टोले, म्हणजे वस्त्या, तीन: वरचा, मधला, खालचा. भोवती रान, मध्ये धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. रानात डुकरं. धान भरायला लागलं की त्यांना आमच्या आधी कळतं. म्हणून पूर्वी माणसं शेतातल्या उंच माळ्यावर बसून टिनाचे डबे बडवायची, शेकोटी पेटती ठेवायची. हा उपाय जुना, बिनखर्ची आणि उपयोगी होता. म्हणजे बंद करायला सर्व प्रकारे योग्य होता.

भारनियमनाचा जोर होता त्या वर्षांतली गोष्ट. एक साहेब जीपमधून टॉर्च घेऊन आले (खातं कोणतं ते लिहीत नाही, साहेब भला होता आणि त्याला बदली हवी होती). आमच्या पीक राखण समितीला एक टॉर्च मंजूर झाली होती. चार्जिंगची, जबर ताकदीची, एक किलोमीटर उजेड फेकणारी. आमचं गावच एक किलोमीटर लांब नाही. वरच्या टोल्याचे गुणवंतराव समितीचे अध्यक्ष. त्यांनी उठून विचारलं, की उजेड शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत पडणार, तर त्यांची ना-हरकत घ्यावी लागेल काय? साहेब म्हणाले, हा मुद्दा वर कळवतो.

मग साहेबांनी भर दुपारी, उन्हात, टॉर्च लावून दाखवली. उजेड कोणालाच दिसला नाही. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

शेवटी साहेबांनी टॉर्च उघडली. "हे बघा, हिचे सगळे भाग सुटे होतात. हेच हिचं वैशिष्ट्य." टॉर्च वेगळी, बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा, गळ्यात अडकवायचा पट्टा वेगळा, असं सगळं सतरंजीवर मांडून ते जीपमध्ये बसले आणि गेले.

आता, सुटे भाग समोर आले की आमच्या गावाला एकच रीत ठाऊक आहे. गावदेवाच्या पूजेला बकरा पडतो, त्याचे हिस्से होतात. पळसाच्या पानांवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कोणाला उणं नाही, कोणाला दुणं नाही. मुंडकं मानकऱ्याचं, मान पूजा करणाऱ्या भुमकाची, बाकी टोल्याटोल्यात सारखं. या वाटपाबद्दल आजवर एक तक्रार नाही. तालुक्याहून इतक्या योजना वाटल्या गेल्या, त्यातल्या एकीबद्दल तरी असं कोणी म्हणेल का?

त्याच रीतीनं टॉर्चचे हिस्से झाले. पळसाची पानं मांडली. टॉर्च म्हणजे मुंडकं, ते अध्यक्षांना. बॅटरी वजनदार, काळजासारखी, ती खालच्या टोल्याच्या कोलूभाऊला. चार्जर मधल्या टोल्याला, म्हणजे मला, कारण तिन्ही टोल्यांत मीटर फक्त माझ्या घरी (मीटर असतं, वीज ही निराळी बाब आहे). पट्टा गळ्याचा, म्हणून भुमक बुधूला. त्यानं तो तिथंच गळ्यात घातला. या सगळ्या योजनेत ठरलेल्या कामी लागलेला तेवढा एकच भाग. खोकं नव्या शाळेला दिलं. त्यात सध्या खडू राहतात.

मी माझ्या सुनेकडून, करिश्माकडून, चार्जरला कापडाची पिशवी शिवून घेतली आणि दारासमोरच्या खुंटीला टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया विचारायच्या, "मोठी बाई, हे काय व्हय?" मी म्हणायची, "उजेड." त्या पिशवीला हात लावून नमस्कार करायच्या. मी नको म्हणायची नाही.

सभेत ठराव झाला की आधुनिक साधन उपलब्ध झाल्यामुळे डबे व शेकोटी बंद. डबे भंगारवाल्यानं नेले. मीही सुकलूला, माझ्या थोरल्या लेकाला, बजावलं, "ज्या घरी चार्जर हाय, त्या घरानं डबे बडवायचे नसते. लोक काय म्हनतीन?"

आता साधनाच्या सुसंगततेविषयी. टॉर्च, बॅटरी आणि चार्जर एकमेकांना लागू पडतात, याची काळजी कंपनी घेते. ज्या घरांत ते राहणार ती घरं एकमेकांना लागू पडतात की नाही, हे कंपनी पाहत नाही. गुणवंतराव आणि कोलूभाऊ यांचं बोलणं बंद होतं, कारण दोघांच्या शेतांमधल्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक मोहाचं झाड आहे आणि ते दोघांचंही आहे. माझं आणि कोलूच्या घराचं बोलणं बंद होतं, कारण सुकलूच्या लग्नात कोलूच्या बायकोनं चारचौघींत म्हटलं की उडदाचे वडे थंड होते. वडे थंड नव्हते. ती उशिरा आली होती.

हे वड्यांचं मी सहज सांगत नाही. धाकट्या लोकेशचं लग्न येत्या उन्हाळ्यात ठरलं होतं. रानालगतच्या माझ्या बांधीत चिन्नोर, वासाचं धान, उभा होता. तो चिन्नोर मी लग्नासाठी राखला होता. भात शिजला की वास खालच्या टोल्यापर्यंत गेला पाहिजे, आणि कोलूच्या बायकोनं दुसऱ्यांदा वाढा म्हटलं पाहिजे. एवढंच माझं मागणं होतं देवाकडं.

लोंब भरली आणि डुकरं आली. पहिल्या खेपेत त्यांनी नुसता कोपरा खाल्ला.

"माय, मी कोलूकाकाकडं जातो," सुकलू म्हणाला. "बॅटरी मांगून आनतो."

"काऊन? त्याले पाय नाई का?"

"अवो, डुकरं धान खाऊन राह्यले!"

"खाऊ दे. डुकरानं आपले वडे थंड होते असं नाई म्हटलं."

चुलीजवळून करिश्मा म्हणाली, "मंग लग्नाले डुकरांलेच बलावा, आत्याबाई. एक पंगत वाचंल."

सुनेचं हे म्हणणं मी कामकाजात घेतलं नाही.

बुधू भुमकाचं तिन्ही टोल्यांशी बोलणं आहे, म्हणून निरोप त्याच्याकरवी गेला: बॅटरी चार्जरकडं यावी. उत्तर आलं: चार्जरनं बॅटरीकडं यावं. मी कळवलं, की कोलूच्या घरी वीज नाही, तिथं येऊन चार्जर करणार काय? कोलूनं कळवलं, "बसंल घडीभर. पाहुन्यासारखा. च्या पिऊन जाईल." बुधू हे सांगताना हसला. पट्टा गळ्यात असलेल्या माणसानं हसू नये असं मी त्याला सांगितलं.

दुसऱ्या खेपेत डुकरांनी दोन वाफे उताणे केले. तेव्हा मी सुकलूला आरमोरीच्या बाजाराला पाठवलं. तिथं हाफिजभाईचं दुकान आहे, टॉर्च, रेडिओ, इस्त्री, जे आणाल ते उघडून देतात (बंद करण्याचं वेगळं). तिथला प्रकार सुकलूनं येऊन सांगितला तो असा.

"टॉर्च कुठी हाय?" हाफिजभाईनं विचारलं.

"गुणवंतरावच्या घरी."

"बॅटरी?"

"कोलूकाकाच्या घरी."

"मंग तू इथी काय घेऊन आला?"

"चार्जर."

हाफिजभाईनं चार्जर उलटासुलटा केला. "बेटा, नुसती चप्पल पाहून पाहुना कसा वळखू मी?" तरी धंदेवाला माणूस, फळीवरून एक बॅटरी काढून दिली.

"बसंल काय हे?"

"बसली त बसंल."

"अन् गॅरंटी?"

"हाय ना! एकदम पक्की. दुकानाच्या पायरीपर्यंत."

ती बॅटरी घरी आणून चार्जरला लावली. लाल दिवा लागला. आम्ही सगळे पाहत बसलो. थोड्या वेळानं बॅटरी फुगायला लागली, बेडकानं गाल फुगवावे तशी, आणि फुगून तशीच राहिली. आता ती आमच्या मागच्या दाराला टेकण म्हणून लावली आहे. कितीही वारा सुटो, दार हलत नाही. टिकाऊपणाबद्दल माझी काही तक्रार नाही.

अर्धी बांधी गेल्यावर गुणवंतरावांनी खास सभा बोलावली. ठरलं असं, की तिन्ही भाग एकाच दिवशी, तिन्ही टोल्यांना सारख्या अंतरावर असलेल्या चिंचेखाली आणावेत, म्हणजे कोणी कोणाकडं गेलं असं होणार नाही. याला राजकारण म्हणतात, आणि ते आमच्याकडं चांगलं चालतं. चिंचेला वीज नाही, म्हणून माझ्या घरून लांब वायर ओढली. सकाळी वेळापत्रकाच्या चुकीनं वीज आली. चार्जर लागला. एका बाजूला मी चार्जरवर हात ठेवून बसले, दुसऱ्या बाजूला कोलू बॅटरीवर हात ठेवून. मध्ये हातभर वायर. ती तेवढी बोलत असेल. आम्ही दोघं बोललो नाही. मी रानाकडं पाहत होते, तो खाली मातीकडं.

दुपारी दिवा हिरवा झाला. गुणवंतरावांनी टॉर्चमध्ये बॅटरी घातली, बटण दाबलं, आणि टॉर्च लागली. म्हातारे उभे राहिले. लेकरं ओरडली. तो उजेड त्या दिवशी मावळतीला माझ्या बांधीवर गेला असता, तर उरलेला चिन्नोर घरी आला असता.

तेवढ्यात कोलू म्हणाला, "टॉर्चचे हिस्से झाले. उजेडाचे नाई झाले."

मुद्दा बिनतोड होता. सगळा उजेड एकट्या मधल्या टोल्यानं न्यायचा, ही कुठली रीत? बकऱ्याचा रस्सासुद्धा आम्ही पळीनं मोजून वाढतो.

मी काही बोलले नाही. बोलले असते, तर कोलूकडं मागितल्यासारखं झालं असतं.

मग तिथंच, उन्हात, उजेडाचं वाटप झालं. माप ठरलं: एक बिडी संपेपर्यंत एका टोल्याचा उजेड. बुधू बिडी पेटवून बसला. वरच्या टोल्यातल्या माणसांनी येऊन उजेड अंगावर घेतला, मग मधल्यांनी, मग खालच्यांनी. खालच्या टोल्याची हरकत आली की वरच्यांची बिडी जाड पानाची होती. हरकत मान्य झाली. फिरून वाटप झालं. कोणी हात धुतल्यासारखे हात उजेडात धरले, कोणी तान्ही पोरं समोर धरली. कोलूच्या बायकोनं पदर पसरून घेतला. टॉर्च पिवळी झाली, तांबडी झाली, मग विझली. शेवटचा थेंबसुद्धा कोणाला जास्त गेला नाही. सगळे समाधानानं आपापला भाग घेऊन जेवायला गेले.

दुसऱ्या सकाळी सुकलू बांधीवरून परत आला आणि दारात बसून राहिला. त्याच्या पायाला चिखल होता आणि हातात एक लोंब. तेवढीच उरली होती.

पुढच्या खेपेला डुकरं कोलूच्या बांधीत गेली, आणि त्यानंतर गुणवंतरावांच्या. त्यांनाही आमची रीत कळली होती.

नुकसान पाहायला साहेब आले. त्यांनी आधी साधन पाहिलं. टॉर्चवर ओरखडा नाही, बॅटरी पुसलेली, चार्जर पिशवीत. साहेबांना गहिवरून आलं. शेजारच्या गावाला दिलेली टॉर्च त्या लोकांनी रोज वापरली होती. काच फुटली, बटण ढिलं झालं, बॅटरी मेली. त्यांचं धान घरी आलं, पण सरकारी मालमत्तेची त्यांनी जी दशा केली, ती पाहून साहेबांनी त्यांना समज दिली. आमच्या गावाला निगा राखल्याबद्दल शाबासकी मिळाली. धान काय, दरवर्षी उगवतं. टॉर्च एकदाच येते.

लोकेशच्या लग्नात रेशनच्या तांदळाचा भात झाला. वास चुलीपलीकडं गेला नाही. कोलूची बायको वेळेवर आली, जेवली आणि काही एक न बोलता हात धुऊन निघून गेली. ती काही बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

नुकसान पाहून जाताना साहेबांनी मला विचारलं होतं, "बाई, एवढं धान उभं होतं. तुम्हीच चार पावलं कोलूकडं गेला असता तर काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, "साहेब, तुमाले भाऊ किती?"

"एक."

"बोलनं हाय?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

आणि तुम्ही, जे इतका वेळ आमच्या गावाला हसत होता, हसा. तुमच्या घरी टॉर्च, बॅटरी, चार्जर सगळं एकाच कपाटात असेल. पण भाऊ, जाऊ, शेजारी, कोणीतरी एक असेलच ज्याच्याशी तुमचं बोलणं नाही, आणि ज्याच्यावाचून तुमचं काहीतरी अंधारात पडून आहे. आधी त्यानं यावं म्हणून तुम्ही थांबला आहात. बरोबर केलंत. अजिबात जाऊ नका. फक्त, तोवर तुमच्या बांधीत काय शिरून चरून राह्यलं, तिकडं पाहू नका.